सगळे पांढरेच असतात

खनिजांचा ट्रे पहिल्यांदा समोर आला की मुलं आधी रंगाचा रकाना भरतात. पांढरा, काळा, हिरवट, पांढरा, पांढरा. तो सर्वांत सोपा. मग रंगावरून एक नाव मनात पक्कं होतं आणि चमक, कस, काठिण्य, पाटन हे उरलेले रकाने त्या नावाला शोभतील असे भरले जातात. जर्नल अगदी देखणं दिसतं. पुण्यातल्या एका महाविद्यालयात भूशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेण्यात माझी नोकरी सरली, आणि तिच्यातला निम्मा वेळ हा उलटा क्रम सुलटा करण्यात गेला.

पुण्याच्या मुलांनी दगडांचे फार प्रकार पाहिलेले नसतात, त्यात त्यांचा दोष नाही. घराच्या पायात, टेकडीवर, गडाच्या तटात, रस्त्याच्या खडीत, जिथे बघावं तिथे एकच काळा बेसॉल्ट. बाकी सगळं बाहेरून आणावं लागतं. आमच्या कपाटात भंडाऱ्याचं कायनाइट होतं, डोंगरी बुझुर्गच्या खाणीतलं मँगनीज, राधानगरीकडचं बॉक्साइट, रेडीचं हेमॅटाइट, आंध्रातल्या मंगमपेटचं बराइट. यातले बरेचसे नमुने सहलीहून परतताना एसटीच्या टपावर आणि आमच्या मांडीवर आलेले. सहलीत हातोडा मारायला सगळे पुढे, पिशवी उचलायला कोणी नाही.

ट्रे वर्षानुवर्षं तोच राहिला की मुलं दगड नाही, ट्रे पाठ करतात. कोपरा उडालेला तो कॅल्साइट, शाईचा डाग असलेला तो फेल्स्पार, डाव्या हाताचा तिसरा तो क्वार्ट्झ. ही माहिती वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे इतक्या निष्ठेने जाई की अभ्यासक्रमातल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीला ते भाग्य लाभलं नाही. म्हणून परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी थांबून सगळे नमुने बदलायचे. दुधी क्वार्ट्झच्या जागी जालन्याकडचा जांभळा, मोठ्या हेमॅटाइटच्या जागी मातकट, अजिबात न चमकणारा. सकाळी वर्गात जो सन्नाटा पसरे, त्याचा मला थोडा दुष्ट आनंद व्हायचा हे कबूल करते.

हा खोडसाळपणा मी आमच्या सरांकडून उचलला. मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले तेव्हा त्यांनी मला लेबलं काढून टाकलेल्या खनिजांचा एक खण दिला आणि म्हणाले, "नावं लिहू नका. प्रत्येक दगडापुढे तो काय नाही, तेवढं लिहा. आणि का नाही, तेही." मला वाटलं, नव्या माणसाला राबवून घेण्याची ही एक तऱ्हा असेल. चार-सहा दिवस मी कागदावर नकार लिहीत बसले. कॅल्साइट नाही, कारण आम्लात फसफसत नाही. क्वार्ट्झ नाही, कारण चाकूने चरा जातो. जिप्सम नाही, कारण नखाने जात नाही. खण संपत आला तेव्हा लक्षात आलं की बहुतेक दगडांपुढे एक किंवा दोनच नावं नाकारायची उरली आहेत आणि ती नाकारता येत नाहीत. सरांनी कागद पाहिला. जिथे दोन नावं उरली होती तिथे मी एकाला पसंती देऊन खूण केली होती. त्यांनी ती खूण तेवढी पुसली आणि कागद परत दिला. बोलले काही नाहीत. माझं खरं शिक्षण तिथे सुरू झालं, असं आज वाटतं. पदवीला मला सगळी नावं येत होती.

नकाराचं काम स्वस्त कसोट्यांनी सुरू करायचं, महाग आणि दगड खराब करणाऱ्या कसोट्या शेवटी. आधी नुसतं हातात घेऊन तोलायचं. बराइट पांढरं, काचेसारखं, दिसायला गरीब. पण त्याचं विशिष्ट गुरुत्व साडेचार आणि शेजारच्या क्वार्ट्झचं २.६५. तळहाताला तो फरक न सांगता कळतो. मग नख, तांब्याचं नाणं, चाकू, काचेचा तुकडा. मग कसाची पाटी, म्हणजे चिनी मातीची खरखरीत, झिलई नसलेली फरशी. लोहखनिजांत हिच्याइतकी खरी साक्ष कोणाची नाही. हेमॅटाइट वरून पोलादी काळा असो की लाल मातीसारखा, पाटीवर तांबडीच रेघ ओढतो. मॅग्नेटाइटची काळी, गोएथाइटची पिवळट तपकिरी. ही पाटीही काठिण्यात सातच्या आसपास असते, त्याहून कठीण खनिज तिच्यावर घासलं तर पाटीचीच पूड निघते. मुलं ती पांढरी पूड मोठ्या विश्वासाने 'कस : पांढरा' म्हणून लिहितात.

फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत दहा खनिजांची शिडी लावली, ती अजून शाळेच्या पुस्तकांत आहे. ती शिडी आहे, मोजपट्टी नाही, हे मात्र पुस्तकं फारसं सांगत नाहीत. नववी पायरी कुरुंदाची आणि दहावी हिऱ्याची. प्रत्यक्ष मोजलं तर हिरा कुरुंदाच्या कितीतरी पट कठीण भरतो. आणि एका दगडाचं काठिण्य एकच असतं हेही खरं नाही. भंडाऱ्याच्या कायनाइटची निळसर पाती चाकूने लांबीच्या दिशेत ओरखडली तर चरा उमटतो. त्याच पात्यावर आडवा चाकू चालवला तर तो घसरतो. एका मुलीने ही दोन्ही उत्तरं लिहून पुढे कंसात 'चुकून' असं लिहिलं होतं. तिला दोन्हीचे पूर्ण गुण दिले आणि तो 'चुकून' खोडला. अणूंची रचना एका दिशेत जशी घट्ट असते तशी दुसऱ्या दिशेत असेलच असं नाही, हे त्या वर्गाला मग फळ्यावर चित्र न काढता समजलं.

मोस स्वतः रसायनशास्त्राला या कामात फारसं जवळ करत नसत. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडं लावतात तशी खनिजं बाह्य लक्षणांवरून कुळांत लावावीत असं त्यांचं मत. अमेरिकेत जेम्स ड्वाइट डॅना यांनीही १८३७च्या आपल्या ग्रंथात खनिजांना झाडाप्राण्यांसारखी लॅटिन जोडनावं दिली होती. १८५०च्या आवृत्तीत त्यांनीच ती पद्धत सोडून दिली आणि रासायनिक वर्गीकरण धरलं. सल्फाइडं, ऑक्साइडं, कार्बोनेटं, सिलिकेटं ही आजची विभागणी त्याच वाटेची. पण नुसत्या रसायनानेही भागत नाही. कॅल्साइट आणि अरॅगोनाइट दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट, दोन्ही आम्लात तशीच फसफसतात. कोबाल्ट नायट्रेटच्या द्रावणात पूड उकळली तर अरॅगोनाइट जांभळट होतं आणि कॅल्साइट सहसा पांढरंच राहतं. ही कसोटी मला फार आवडायची. मात्र त्या रसायनाची बाटली मागितली की भांडार विभागाच्या कपाळाला आठ्या पडत. प्लॅटिनमच्या तारेचं तर विचारूच नका. ती कुलपात, नोंदवहीत सही करून मिळणार, परत करताना लांबी मोजून घेणार. आम्ही मुलांना निक्रोमच्या तारेवर शिकवलं आणि कोणाचं काही अडलं नाही.

त्या तारेच्या टोकाला बारीक फासा करायचा, तो लाल तापवून टाकणखारात बुडवायचा आणि पुन्हा ज्योतीत धरायचा. स्वच्छ काचेचा मणी तयार होतो. त्याला खनिजाची पूड जेमतेम टेकवायची. मँगनीज असेल तर ज्योतीच्या बाहेरच्या, ऑक्सिजन भरपूर असलेल्या भागात मणी जांभळा होतो आणि आतल्या भागात नेला की रंग उडून जातो. लोह असेल तर आतल्या भागात बाटलीसारखा हिरवा, क्रोमियम असेल तर दोन्हीकडे हिरवा. पूड जास्त झाली की मणी सरळ काळा, मग काहीच कळत नाही. ज्योत वळवायला फुंकनळी. तिच्यात गालातली हवा सोडत राहायची आणि श्वास नाकाने घ्यायचा. हे जमायला काहींना एक तास लागतो, काहींना वर्षभरही जमत नाही, आणि त्याचा हुशारीशी काडीचाही संबंध नसतो. आमच्या वर्गातला सर्वांत उत्तम फुंकनळीवाला मुलगा घरच्या सराफी दुकानात वाढलेला होता. अभ्यासक्रम बदलला तेव्हा फुंकनळी त्यातून गेली. उपकरणं कपाटात राहिली. मला त्याचं वाईट वाटलं, पण तक्रार करावी असं नाही. त्या मण्यावरून धातू कळतो, खनिज कळत नाही.

आता पांढऱ्या दगडांकडे येते, कारण आमचं खरं दुखणं ते. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झाला तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि भिंतींवर स्फटिक वाढले. १८६३ साली भोर घाटातून रेल्वे सुरू झाली. त्या मार्गासाठी कातळ फोडताना निघालेले नमुने युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. आज विहीर खणा, खडीची खाण फोडा, महामार्गासाठी डोंगर कापा, एखादी पोकळी उघडते आणि आत लखलखाट असतो. लोक सरसकट 'गारगोटी' म्हणतात. त्या एका पोकळीत क्वार्ट्झ, कॅल्साइट, अपोफिलाइट, स्टिल्बाइट, हुलँडाइट, चॅबाझाइट असे सगळे शेजारी शेजारी असू शकतात, आणि सगळे पांढरेच असतात.

इथे रंगाचा रकाना बंदच करावा लागतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब कॅल्साइटला वेगळं काढतो. चाकू क्वार्ट्झला. उरलेल्यांत चमक कुठल्या पृष्ठावर कशी आहे ते पाहायचं. अपोफिलाइटचे स्फटिक चौकोनी, बाजूंवर उभ्या बारीक रेषा, बाजू काचेसारख्या. पण टोकाचं पृष्ठ मोत्यासारखं चमकतं आणि त्याच पातळीत तो सहज फुटतो; पाटन म्हणतात ते हेच. पुण्याच्या आसपासचा हिरवा अपोफिलाइट जगभर प्रसिद्ध आहे, त्याचा हिरवेपणा व्हॅनेडियमचा. स्टिल्बाइट, हुलँडाइट यांसारख्या झिओलाइटांच्या शेजारी मिळत असला तरी अपोफिलाइट झिओलाइट नाही, हे परीक्षेत विचारलं की हमखास गुण जातात. स्टिल्बाइट मधोमध आवळलेल्या पेंढीसारखा वाढतो. हुलँडाइटचे स्फटिक सुटे, मध्ये रुंद. दोघांनाही एकाच दिशेत उत्तम पाटन, दोघांची चमक तिथे मोत्याची. पेंढी नीट बांधली गेली नसेल तर भिंग घेऊन बसलेली माणसंही गप्प होतात.

सर्वांत अवघड पांढऱ्या सुयांचे गुच्छ. नॅट्रोलाइट, मेसोलाइट, स्कोलेसाइट. जुन्या लेबलांवर बहुधा 'नॅट्रोलाइट' असतं, कारण पाठ्यपुस्तकात ते नाव पहिलं येतं. आमच्याही संग्रहात तसंच होतं. एका उन्हाळ्यात, परीक्षा संपल्यावर, मी एकेका गुच्छातली एक सुई चिमट्याने काढून काचपट्टीवर ठेवली आणि ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली फिरवली. नॅट्रोलाइटची सुई नेत्रिकेतल्या उभ्या-आडव्या तारेला समांतर आली की पूर्ण काळी पडते. स्कोलेसाइट समांतर असताना उजळ राहतो, १७-१८ अंश वळवल्यावर काळोखतो. मेसोलाइट तर कुठेही धरा, धूसर करडाच. आमचे बहुतेक 'नॅट्रोलाइट' स्कोलेसाइट निघाले. पंखा बंद करून, दारं लावून हे काम करावं लागायचं, नाहीतर सुई उडून जायची. घामाने चष्मा सारखा घसरे. पण त्या महिन्याइतकं समाधान मला पगारवाढीनेही दिलेलं नाही.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही कसोटीपुढे हट्टीपणा करत. एक लॉमोंटाइट. पोकळीतून काढताना घट्ट, सुरेख. कोरड्या हवेत त्यातलं पाणी हळूहळू निघून जातं आणि दगडाची पांढरी पूड होते. आमच्याकडे एका खोक्यात नुसतं लेबल आणि चिमूटभर भुकटी शिल्लक होती, आणि साठानोंदीत तो नमुना 'सुस्थितीत'. दुसरा ओकेनाइट. पांढऱ्या तंतूंचे मऊ गोळे. पाण्यात बुडवून वजन करावं तर तंतूंत हवा अडकते आणि विशिष्ट गुरुत्व भलतंच येतं. त्याला हात लावू नये, एवढीच त्याची कसोटी. वेरूळच्या वाटेवर कोणी हेच गोळे गर्द निळे, जांभळे करून विकतात. माझ्या नणंदेने तसा एक मोठ्या हौशीने आणला होता. ओला कापूस टेकवल्यावर कापूस निळा झाला. तिने पुढचे काही दिवस माझ्याशी बेताचंच बोलणं ठेवलं.

निळ्याचीच गोष्ट निघाली तर वाघोलीचा कॅव्हनसाइट सांगायला हवा. हा मूळ १९७३ साली अमेरिकेतल्या ऑरेगनमधून वर्णिला गेला. नंतर, १९८०च्या दशकाच्या अखेरीला, वाघोलीच्या खाणींतून असा निघाला की आज संग्राहक पुण्याचंच नाव आधी घेतात. त्याच्या सोबत पेंटॅगोनाइट मिळतो. रंग तोच, रासायनिक सूत्रही तेच. फरक फक्त अणूंच्या मांडणीत आणि त्यामुळे स्फटिकांच्या घडणीत. विक्रेत्यांना दर वेगवेगळा लावायचा असल्यामुळे या बाबतीत त्यांची नजर आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपेक्षा तयार असते. मी त्यांच्याकडून बरंच शिकले. पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळा गोळा डिंकाने चिकटवलेला असेल तर तो कडेला भिंगातून कसा दिसतो, हेही एका विक्रेत्यानेच दाखवलं; दुसऱ्याच्या दुकानातला नमुना हातात धरून.

विभागात बाहेरची माणसंही येत. बहुतेक दोनच कारणांनी, सोनं किंवा उल्का. सोन्याचं काम सोपं. टाचणी टोचायची. सोनं दबतं, पायराइटचा चुरा होतो, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. उल्केचं काम जड, कारण तिच्यामागे आशा मोठी असते. जुन्नर बाजूचे एक काका नांगरटीत सापडलेला काळा, वजनदार दगड उपरण्यात बांधून आले होते. दगडाला हळदकुंकू लागलेलं. उल्केची किंमत लाखांत असते असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

"मॅडम, लोहचुंबक चिकटतंय की!"

"काका, चिकटतंय खरं. पण आपल्या काळ्या पाषाणालाही चुंबक थोडं ओढतं. हे बघा, याच्या फुटलेल्या अंगाला बुडबुड्यांची भोकं आहेत. उल्केच्या आत अशी भोकं सहसा नसतात. आणि इथे काच झालीय."

तो भट्टीतला मळ होता, धातू वितळवताना वर येणारा. कधीतरी त्या शेताजवळ लोखंडाची भट्टी असावी. मी हे सांगितल्यावर काका निराश होतील असं धरून चालले होते, पण त्यांनी विचारलं, "म्हणजे आमच्या शिवारात लोहार होते म्हणता?" आणि पुढचा अर्धा तास शिवारातल्या जुन्या जागांची नावं सांगत बसले. जाताना दगड घेऊन गेले. हळदकुंकवाचं काय करणार ते मी विचारलं नाही.

१९९७ साली आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या उपसमितीने झिओलाइटांची नावं नव्याने बांधली. स्टिल्बाइट हे आता एका मालिकेचं नाव झालं. कॅल्शियम जास्त तर एक जाती, सोडियम जास्त तर दुसरी. हुलँडाइट, चॅबाझाइट यांचंही तसंच. अपोफिलाइटची फाळणी त्याआधीच, १९७८ साली, फ्लुओरीन आणि हायड्रॉक्सिलवरून झालेली. यातलं काहीही चाकू, भिंग, आम्ल यांनी कळत नाही. त्याला रासायनिक विश्लेषण लागतं. काही सहकाऱ्यांनी उत्साहाने सगळी लेबलं नव्या पूर्ण नावांनी लिहून टाकावीत असा आग्रह धरला, कारण आपल्याकडे बहुतेक कॅल्शियमचंच असतं. असेलही. पण 'बहुतेक' हे त्या विशिष्ट दगडाबद्दलचं विधान नव्हे. मी मालिकेचं नाव लिहिलं आणि थांबले. त्यावरून विभागाच्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. चहा गार झाला. शेवटी ज्या नमुन्यांचं विश्लेषण प्रत्यक्ष झालं होतं त्यांच्याच लेबलावर पूर्ण नाव, असं ठरलं. अशी लेबलं कपाटभर नमुन्यांत मूठभर निघाली.

निवृत्तीनंतर काम फोनवर आलं आहे. लोक छायाचित्र पाठवतात आणि खाली 'नाव?' एवढंच. मी उलटे प्रश्न पाठवते. नखाने चरा जातो का? चाकूने? मागच्या बाजूचा कण कुटून त्यावर व्हिनेगर टाकल्यास बुडबुडे येतात का? आकाराच्या मानाने वजन? निम्मे लोक तिथेच गळतात. अलीकडे सिन्नरजवळच्या एका मुलाने विहिरीच्या खोदकामातले स्फटिक पाठवले. त्याने सगळी उत्तरं दिली, शिवाय न विचारता लिहिलं की टोकाला मोत्यासारखं आणि बाजूला काचेसारखं चमकतंय, बाजूंवर उभ्या रेघा आहेत. अपोफिलाइट. मग त्याने वाचून विचारलं, फ्लुओर की हायड्रॉक्सी? म्हटलं, ते चाकूला ठाऊक नाही, लेबलावर नुसतं अपोफिलाइट लिही. नाव पुढे कोणीही प्रयोगशाळेत चिमूटभर पूड देऊन काढून घेईल. दगड कुठून निघाला ते मात्र कुठल्याच यंत्राला नेमकं सांगता येणार नाही, ते आजच लिहून ठेव.

दुसऱ्या दिवशी लेबलाचा फोटो आला. गाव, गट नंबर, विहिरीची खोली, तारीख, पोकळी कोणत्या थरात होती, सगळं. अक्षर भयंकर होतं. पुन्हा लिहायला लावलं.